चांदी, पारा आणि शोधन : खडकीच्या निमित्ताने एका शब्दव्यवहाराचा इतिहास

खडकी हे नाव उच्चारताच इतिहासाच्या अभ्यासकापुढे ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस उभा राहतो. (मलिक अंबरने वसविलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, ती निराळी.) पेशव्यांच्या फौजेची व इंग्रजांची त्या दिवशी जी लढाई झाली तिच्यानंतर ह्या माळावर इंग्रजी लष्कराची छावणी वसली, इंग्रजी दप्तरांत गावाचे नाव 'किरकी' झाले, आणि १८६९ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, उच्च स्फोटकांचा दुसरा कारखाना त्याच्या जोडीला आला. खडकीचा हा लष्करी इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यातील एका धातूकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष सहसा गेलेले नाही. तो धातू म्हणजे पारा.

पारा खडकीस आला तो काडतुसातून. एडवर्ड हॉवर्ड ह्या इंग्रज रसायनज्ञाने १८०० मध्ये पाऱ्याच्या फलमिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. आघात होताच पेट घेणारे हे द्रव्य पुढील दोन-तीन दशकांत बंदुकीच्या टोपीत आले आणि चकमकीची बंदूक मागे पडली. १८१७ च्या लढाईतील शिपाई चकमकीच्या बंदुका वापरीत होते. त्याच भूमीवर अर्ध्या शतकाने निघालेला कारखाना टोपीच्या युगातला होता. ब्रिटिश नमुन्याच्या .३०३ काडतुसांच्या टोपीतील दारूत पाऱ्याचे फलमिनेट हा दीर्घकाळ एक घटक होता, आणि त्या जातीची लक्षावधी काडतुसे बुडावर 'के एफ' ही खडकी कारखान्याची अक्षरे घेऊन बाहेर पडली. पुढे शिशाच्या संयुगांनी फलमिनेटची जागा घेतली.

फलमिनेट हाताळणाऱ्या कामगारांच्या त्वचेवर पुरळ उठते, व्रण पडतात, आणि पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेल्यास हातास कंप सुटणे, हिरड्या सुजणे, स्वभाव चिडखोर होणे ही लक्षणे दिसतात, हे एकोणिसाव्या शतकातील वैद्यकास ठाऊक होते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत जे रोग कळविणे बंधनकारक ठरले त्यांत पाऱ्याची विषबाधा होती. असा रोगी आढळल्यास तपासणाऱ्या वैद्यकीय व्यवसायीने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकास लेखी कळवावे, अशी तरतूद त्या कायद्यात केलेली होती. थोडक्यात, कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऱ्यास त्याच्या नावाने ओळखले जात होते, आणि ते नाव 'विष' ह्या शब्दाच्या शेजारी छापलेले होते.

फाटकाबाहेर स्थिती निराळी होती. कारखान्यातला कामगार किंवा छावणीतला शिपाई दाढ दुखू लागली म्हणून दंतवैद्याकडे गेला, तर त्याच्या दाढेत जे द्रव्य भरले जाई त्याचा सुमारे निम्मा भाग वजनाने पाराच असे. परंतु ह्या द्रव्याचे मराठी नाव 'चांदी'. 'दातात चांदी भरली' असे आपण म्हणतो. 'पारा भरला' असे कोणी म्हणत नाही. एकाच गावात, एकाच माणसाच्या आयुष्यात, एकच धातू दोन नावांनी वावरला. एका नावाने तो कायद्याच्या अनुसूचीत होता. दुसऱ्या नावाने तो दागिन्याचा भाऊ झाला. दातातील ह्या भरावाविषयी गेल्या काही दशकांत जी चिंता उत्पन्न झाली आहे, आणि तो काढून टाकल्यावर 'शरीर शुद्ध' करण्याची जी धडपड दिसते, तिची मुळे बऱ्याच अंशी ह्या नामकरणात आहेत.

नामकरणाचा दोष केवळ मराठीचा नव्हे. चीनमध्ये तांग राजवटीत इ. स. ६५९ मध्ये सिद्ध झालेल्या औषधिग्रंथात पारा, चांदी व कथील ह्यांच्या लगद्याचा उल्लेख सापडतो. युरोपात पॅरिसच्या ऑग्युस्त ताव्हो ह्याने १८२६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस व पारा ह्यांचे मिश्रण दातांसाठी पुढे आणले, आणि त्याचे नाव ठेवले 'चांदीचा लगदा'. म्हणजे ज्या काळात पारा बंदुकीच्या टोपीत शिरत होता त्याच काळात तो दातातही शिरला, आणि पहिल्याच पावलास त्याचे नाव गळून पडले. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या बंधूंनी हे मिश्रण न्यूयॉर्क येथे नेले ते तर 'राजमान्य खनिज पर्यायद्रव्य' अशा थाटाच्या नावाखाली. त्यात चांदीही उरली नाही. अमेरिकेतील दंतशल्यज्ञांची १८४० मध्ये स्थापन झालेली संस्था ह्या मिश्रणाच्या विरुद्ध उभी राहिली. ते वापरणार नाही अशी प्रतिज्ञा तिने सभासदांकडून घेतली, आणि ह्या कलहातच ती १८५६ मध्ये विसर्जित झाली. पुढे १८९५ मध्ये जी. व्ही. ब्लॅक ह्याने धातूंचे प्रमाण शास्त्रशुद्ध रीतीने निश्चित केल्यावर हा भराव जगभर रूढ झाला.

ह्या वादाच्या संदर्भात एक व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. भोंदू वैद्यास इंग्रजीत जो 'क्वॅक' शब्द आहे तो पाऱ्याच्या 'क्वेकझिल्बर' ह्या जर्मन नावावरून आला, असे म्हणतात. हे खरे नव्हे. तो शब्द डच 'क्वाकझाल्व्हर' ह्याचा संक्षेप असून मलमाची बढाई मारणारा असा त्याचा मूळ अर्थ समजला जातो. पाऱ्याशी त्याचा संबंध लोकव्युत्पत्तीने जोडलेला आहे. ज्या वादात शब्दांनी इतके काम केले त्यात एखादी लोकव्युत्पत्तीही पुराव्याच्या थाटात वावरावी, हे स्वाभाविकच होय.

महाराष्ट्रात हा भराव रूढ झाला तो दंतवैद्यकाच्या संस्थात्मक वाढीबरोबर. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. भारतीय सेनेचे स्वतंत्र दंतदल १९४१ मध्ये उभे राहिले. १९४८ मध्ये, म्हणजे कारखाने अधिनियमाच्याच वर्षी, दंतवैद्य अधिनियम झाला. ह्या पिढीतील दंतवैद्य भरावाचे मिश्रण स्वतः खलात घोटीत, जास्तीचा पारा फडक्यातून किंवा चामड्यातून पिळून काढीत, आणि पुष्कळ वेळा तो गोळा तळहातावरच मळीत. रोग्यास तोंडात दिसे ती चकाकी. वैद्याच्या बोटांस लागे तो पारा. धोका असलाच तर तो रोग्यापेक्षा वैद्यास व त्याच्या मदतनिसास अधिक होता.

येथे एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. खल, घोटणे, फडक्यातून गाळणे ह्या सर्व क्रिया महाराष्ट्रास दंतवैद्यकाच्या शतकानुशतके आधी परिचित होत्या, त्या रसशाळेत. वाग्भटाच्या नावावर असलेला 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेत तो १८९० मध्ये छापला गेला. ह्या ग्रंथात पाऱ्याचे नैसर्गिक दोष तीन सांगितले आहेत : विष, वह्नि आणि मल. शिशाची व कथलाची भेसळ हे आणखी निराळे दोष. ते घालविण्यासाठी स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन इत्यादी संस्कार करावयाचे. संस्कारांची संख्या परंपरेने अठरा आहे. सामान्य शोधनात पारा चुन्याबरोबर खलून वस्त्राने गाळतात व नंतर लसूण आणि सैंधव ह्यांच्याबरोबर पुन्हा खलतात. रसशास्त्रकारांस पाऱ्याचे विष ठाऊक नव्हते असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ते त्यांस पूर्णपणे ठाऊक होते. फरक इतकाच की त्यांच्या दृष्टीने विष हा पाऱ्यास चिकटलेला दोष होता, आणि दोष म्हटला की तो काढता येतो. आधुनिक रसायनशास्त्र ह्या कल्पनेस संमती देत नाही. कितीही निर्मळ केलेला पारा हा पाराच राहतो. त्याचे कोणते संयुग आहे, ते किती प्रमाणात आणि कोणत्या मार्गाने शरीरात जाते, ह्यांवर त्याची घातकता ठरते.

'शोधन' ह्या शब्दाचे भवितव्य येथून दोन दिशांनी गेले. रसशाळेत शोधनाचे कर्म द्रव्य होते : पारा शुद्ध करावयाचा. वैद्याच्या खोलीत शोधनाचे कर्म देह होता : वमन, विरेचनादी क्रियांनी दोष बाहेर काढावयाचे; 'शमन' हा त्याचा जोडीदार शब्द. दोन्ही अर्थ जुने व शास्त्रीय आहेत. मराठीत 'शुद्धी'ची व्याप्ती तर आणखी मोठी आहे. मूर्च्छेतून जागा झालेला माणूस शुद्धीवर येतो, छापखान्यातील चुकांचे शुद्धिपत्र निघते, आणि विद्यापीठात जे चालते त्यास आपण संशोधन म्हणतो. इतक्या भारदस्त कुळातला शब्द हाताशी असता इंग्रजीतून आलेल्या 'डिटॉक्स'ने त्याच्याशी सोयरीक जुळवली, ह्यात नवल नाही. अडचण अशी की ह्या सोयरिकीत 'काय बाहेर काढावयाचे, आणि ते आहे तरी किती' हा प्रश्न मागे पडतो. 'शुद्धी' म्हटले की अशुद्धी गृहीतच धरली जाते. तिचे मोजमाप कोणी मागत नाही.

दातातील भरावाच्या बाबतीत मोजमाप उपलब्ध आहे. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड श्टोक प्रयोगशाळेतील पाऱ्याने स्वतः आजारी पडला होता. त्याने १९२६ मध्ये पाऱ्याच्या वाफेविषयी इशारा देणारा निबंध लिहिला आणि दातांतील भरावासही त्यात दोष दिला. चावताना व दात घासताना भरावातून पाऱ्याची अल्प वाफ निघते, हे पुढील संशोधनाने निश्चित झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या पुस्तिकेत भरावामुळे रोज सरासरी ३.८ ते २१ मायक्रोग्रॅम वाफ शरीरात येते असा अंदाज दिला आहे. नंतरचे काही अंदाज ह्याहून बरेच कमी आहेत. म्हणजे 'भरावातून काहीच निघत नाही' असे पूर्वी रोग्यास जे सांगितले जाई ते बरोबर नव्हते. परंतु जे निघते त्याने रोग होतो काय, हा निराळा प्रश्न आहे. अमेरिकेत न्यू इंग्लंड भागातील ५३४ व पोर्तुगालमध्ये लिस्बन येथील ५०७ मुलांवर केलेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कित्येक वर्षे लक्ष ठेवूनही पारायुक्त भराव असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या बुद्धिमापनात वा मज्जासंस्थेच्या कार्यात लक्षणीय भेद आढळला नाही. मूत्रातील पारा मात्र पहिल्या गटात अधिक होता.

प्रौढांची चिंता साधारणतः दुसऱ्या वळणाची असते. थकवा, विस्मरण, डोके जड वाटणे ह्यांसारख्या तक्रारी आहेत. तोंडात जुनी 'चांदी' आहे. आणि ती चांदी नसून पारा आहे असे एके दिवशी कळते. हा 'कळण्याचा' क्षण महत्त्वाचा आहे. ज्यास 'पारा' म्हणूनच सांगून भराव घातला गेला असता त्यास जो धक्का बसला नसता तो 'चांदी'वाल्यास बसतो. आपणांपासून काही लपविले गेले, ही भावना विषाच्या भयापूर्वीच जागी होते, आणि अशा मनःस्थितीत माणूस भराव काढावयास निघतो. काढण्याच्या क्रियेत भराव कापला जातो, उष्णता उत्पन्न होते व वाफ निघते; म्हणून रक्तातील पारा काही काळ घटण्याऐवजी वाढतो. दात रबरी पडद्याने वेगळा करणे, पाण्याचा फवारा, जोरदार शोषण आणि भराव भुगा न करता मोठ्या तुकड्यांनी काढणे ह्या उपायांनी ही वाढ मर्यादित राहते. नंतर मूत्रपिंडे आपले काम करतात. शरीरातील अशा पाऱ्याचे प्रमाण सुमारे दोन महिन्यांत निम्मे होते, पुढील दोन महिन्यांत त्याचेही निम्मे, आणि असेच पुढे. ह्या उतारास कोणताही काढा लागत नाही.

तरीही काढ्यास मागणी असते. म्हणून म्युनिक येथील एका चाचणीची माहिती मराठी वाचकास असणे इष्ट आहे. तिचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या तक्रारी भरावामुळे आहेत असे मानणाऱ्या ९० प्रौढांचे तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाचे भराव काढले. दुसऱ्याचे काढून त्यास जीवनसत्त्वे इत्यादींचा 'विषनिरसक' उपचारही दिला. तिसऱ्याचे भराव तसेच ठेवून केवळ आरोग्यदायी जीवनक्रमाचे मार्गदर्शन केले. तिन्ही गटांतील रोग्यांस बरे वाटले, आणि बरे वाटण्याच्या प्रमाणात त्यांच्यात लक्षणीय अंतर नव्हते. ज्यांचे भराव काढले त्यांच्या शरीरातील पारा घटला हे खरे. परंतु बरे वाटणे त्या घटीवर अवलंबून नव्हते. ह्यावरून त्या माणसांच्या तक्रारी खोट्या होत्या असा अर्थ कोणी काढू नये. तक्रारी खऱ्या होत्या, त्यांस लक्ष देणारा वैद्य मिळाला आणि त्या कमी झाल्या. चुकीचे होते ते कारणाचे नाव.

विषनिरसनाच्या उपायांत दोन उपाय धोक्याचे आहेत. पहिला रासायनिक. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट ह्या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्ड येथे एक औषध निघाले. धातूस पकडून मूत्रावाटे बाहेर नेणाऱ्या औषधांची परंपरा तेथून सुरू होते. त्याच कुळातील अधिक सौम्य द्रव्ये १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत संघात व चीनमध्ये सिद्ध झाली. खऱ्या विषबाधेत, म्हणजे कारखान्यातील अपघातासारख्या प्रसंगी, ही औषधे मोलाची आहेत. परंतु निरोगी माणसास आधी असे औषध देऊन मग त्याचे मूत्र तपासले तर त्यात धातू अधिक दिसणारच. तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या प्रमाणाशी ताडून पाहणे ही शुद्ध दिशाभूल आहे, आणि अमेरिकेतील वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संघटनेने ह्या पद्धतीचा स्पष्ट निषेध केला आहे. धातू ओढून काढण्याच्या ह्याच समजुतीपायी २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पाच वर्षांच्या मुलास शिरेतून भलते औषध दिले गेले. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून ते मूल दगावले.

दुसरा धोका आपल्या घरातला आहे, आणि तो पुन्हा शब्दांचाच आहे. 'सूतशेखर' हे नाव मराठी कुटुंबांत आजीच्या बटव्याइतके जुने आहे. 'सूत' म्हणजे पारा. 'त्रिभुवनकीर्ती'च्या शास्त्रोक्त पाठात हिंगूळ असतो, आणि हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज आहे. औषधाच्या नावापुढे 'रस' हे पद आले की आजचा वाचक फळाचा रस समजतो. रसशास्त्रात 'रस' म्हणजे मुख्यतः पारा. ही नावे दंतवैद्याच्या 'चांदी'पेक्षा प्रामाणिक आहेत, कारण त्यांनी काही लपविलेले नाही. आपणच त्यांचे अर्थ विसरलो. यकृत शुद्ध करणारी म्हणून घेतली जाणारी 'आरोग्यवर्धिनी' शास्त्रोक्त पाठानुसार पारा व गंधक ह्यांच्यापासूनच सुरू होते. दातातील पारा काढून आलेला माणूस शरीरशुद्धीसाठी ती घेऊ लागला, तर तो एका दाराने बाहेर काढलेला पारा दुसऱ्या दाराने आत घेतो. वाफरूपातला पारा आणि गंधकाशी बद्ध झालेला पारा ह्यांत मोठा फरक आहे, दुसरा आतड्यातून फारच थोडा शोषला जातो, हे सांगितलेच पाहिजे. तथापि अमेरिकेत २००८ मध्ये आंतरजालावरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली तेव्हा त्यांतील सुमारे एकपंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, आणि रसौषधींत हे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. भयाने भरलेल्या माणसास ह्या फरकाची माहिती औषध घेण्यापूर्वी मिळाली पाहिजे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती व स्तनदा स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रोगी ह्यांना शक्य तो पारायुक्त नवा भराव घालू नये असे सुचविले. त्याच सूचनेत, चांगल्या स्थितीतील जुना भराव वैद्यकीय कारणावाचून काढू नये, असेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावयाची असतात. व्यवहारात मात्र पहिले पसरते, दुसरे गळते. नॉर्वेने २००८ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, हा भराव बंद केला. ह्या बंदीमागे मुख्य विचार पर्यावरणाचा आहे : दवाखान्यांतील सांडपाण्यातून आणि स्मशानांतील धुरातून पारा निसर्गात जातो. प्रत्येक तोंड विषाने भरले आहे असा निर्वाळा त्या बंदीने दिलेला नाही. जपानमधील मिनामाताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाराविषयक करारावर भारताने ३० सप्टेंबर २०१४ रोजी सही केली व १८ जून २०१८ रोजी त्यास मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत हा भराव २०३४ पर्यंत संपुष्टात आणण्याचे ठरले.

मराठीत ह्या द्रव्यास एक निर्दोष नाव पूर्वीपासून आहे. विज्ञानलेखनात त्यास 'पारदमेल' म्हणतात. ते घटक सांगते, आणि मेल म्हणजे संयोग हेही सांगते. त्यात दागिन्याची चकाकी नाही, विषाची आरोळीही नाही. पाठ्यपुस्तके व कोश ह्यांतून तो शब्द दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचला नाही. खडकीच्या कारखान्यात शिरणाऱ्या कामगारास पाऱ्याचे नाव कायद्यानेच सांगितले होते. दातासाठी खुर्चीवर बसणाऱ्या रोग्यास ते कोणी सांगितले नाही. २०३४ नंतर नवे भराव थांबले तरी आज तोंडात असलेले भराव आणखी कित्येक वर्षे तेथेच राहतील, आणि ते झिजले किंवा तडकले की काढावे लागतील. तेव्हा रोग्याच्या नोंदपत्रावर कोणता शब्द लिहावयाचा, हा प्रश्न दंतमहाविद्यालयांच्या मराठी शिकवणीत अजून सुटावयाचा आहे.